बुधाचा टंच कसा काढतात? (आणि माझ्या पाटलीचं काय झालं)

रामबागकर | मंगळवार, रात्री १०:५२

मंडळी, प्रश्न खगोलाचा आहे पण सुरुवात सोन्यापासून होते, तेव्हा जरा धीर धरा.

इंदूरचा सराफा बाहेरगावच्यांना रात्रीचाच माहीत असतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा वगैरे. दिवसा तिथे सोनं विकतात हे बरेच जण विसरतात. मी गेल्या महिन्यात भर दुपारी गेलो, पिशवीत आजीच्या दोन पाटल्या. भावाचा आणि माझा वाटा करायचा होता. एका दुकानात टंच काढायचं, म्हणजे सोनं शेकडा किती शुद्ध ते मोजायचं, मशीन आहे. जुन्या टीव्हीएवढा डबा, वर झाकण. पाटली आत ठेवली, झाकण लावलं, पडद्यावर पाटलीचं मोठं चित्र आणि त्यावर बारीक फुली. मुलानं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी बाहेर: सोनं ९१.४, बाकी तांबं आणि चांदी. ना कसोटीचा दगड, ना तेजाब. मी चाटच पडलो.

त्यातली एक पाटली दोन दुकानं सोडून पुढे वितळवली. माझ्या डोळ्यांसमोर, वजन बरोबर भरलं. लगडीचा टंच आला ८४.२. भाऊ म्हणतो वितळवणाऱ्यानं हात मारला. वितळवणारा म्हणतो मशीन खोटं. दोघांपैकी कुणाचंही नाव इथे घेणार नाही, विचारू नका.

घरी येऊन भाचीला सांगितलं. तिचं खंडवा रोडला फिजिक्सचं एम.एस्सी. चालू आहे. ती हसत सुटली. म्हणे, मामा, याच पद्धतीनं बुध ग्रहाचा टंच काढतात, शेकडो किलोमीटर वरून, आणि तिथेही हीच भांडणं होतात. इथे धागा काढ, मी उत्तर देते, असंही म्हणाली. तर काढला. न कापता, न शिवता ग्रह कशाचा बनलाय ते कसं कळतं? आणि माझ्या ८४ चं काय?

शंकासुर | रात्री ११:०५

चारशे रुपयांच्या फरकासाठी बुधापर्यंत गेलात, धन्य आहात.

रामबागकर | रात्री ११:०९

चारशे? सोन्याचा भाव शेवटचा कधी पाहिलात?

कवडसा | रात्री ११:३१

मामा, आले.

आधी डब्यातली गोष्ट. झाकणाखाली एक क्ष-किरणांची नळी असते. ती पाटलीवर किरण मारते. अणूत इलेक्ट्रॉन मजल्यामजल्यांवर राहतात असं समज. क्ष-किरण तळमजल्यावरच्या इलेक्ट्रॉनला हुसकावून लावतो. जागा रिकामी झाली की वरच्या मजल्यावरचा एक खाली उडी मारतो आणि उडीत सुटलेली ऊर्जा नव्या क्ष-किरणाच्या रूपानं बाहेर पडते. मजल्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्यात वेगळी. त्यामुळे बाहेर आलेल्या किरणाची ऊर्जा मोजली की तो कुणाच्या घरून आला ते कळतं. याला क्ष-किरण प्रतिदीप्ती म्हणतात, दुकानात नुसतं एक्सआरएफ.

हे कोडं १९१३ मध्ये मोसली नावाच्या इंग्रज पोरानं सोडवलं. दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय २७. त्याचा नियम इतका सोपा आहे की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: अणुक्रमांकातून १ वजा करा, वर्ग करा, १०.२ ने गुणा. उत्तर येतं त्या मूलद्रव्याच्या किरणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात. लोखंड २६ नंबरचं, म्हणजे २५ चा वर्ग ६२५, गुणिले १०.२ म्हणजे ६३७५. प्रत्यक्षात ६४००. सिलिकॉन १४: उत्तर १७२४, प्रत्यक्षात १७४०. मॅग्नेशियम १२, कॅल्शियम २० तुम्ही करा. (सोन्याला हे लावू नका, त्याची दुसऱ्या मजल्याची रेषा, म्हणजे तिथल्या ठरावीक ऊर्जेचा किरण, वापरतात, ती ९७०० च्या आसपास.)

आता डब्याचं झाकण उघडा, पाटलीच्या जागी बुध ठेवा आणि नळीच्या जागी सूर्य. सूर्यातून क्ष-किरण येतातच. ते खडकावर पडतात, खडकातलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम, लोखंड आपापल्या रेषांत चमकतं, आणि वरून फिरणारं यान ती चमक मोजतं.

८४ चं उत्तर मी देणार नाही. इथे सराफ्यातलं कुणी असेल तर त्यांनी द्यावं, ते माझ्यापेक्षा बरं देतील.

मंदाकिनी बडोदे | बुधवार, सकाळी ७:१४

कॅल्शियमचं उत्तर ३६८२ आलं. बरोबर का? पोहे परतता परतता केलंय.

कवडसा | सकाळी ८:०२

मावशी, पुस्तकात ३६९०. शंभरपैकी शंभर.

झाळवाला | सकाळी ११:४०

मी सराफ्यात टंचाच्या काउंटरवर बसतो, १४ वर्षं झाली. वर लिहिलेलं दुकान माझं नाही, आधीच सांगतो भिया.

मशीन खोटं बोललं नाही आणि वितळवणाऱ्यानंही बहुतेक चोरी केली नाही. मशीन कातडी वाचतं. सोन्यात आतून निघालेला किरण पाच-दहा मायक्रॉनच्या वर चालून येत नाही, वाटेतच सोनं त्याला गिळतं. म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढाच माल मशीनला दिसतो. आता जुनी पाटली. चाळीस-पन्नास वर्षांत किती वेळा उजळवली असेल? दर वेळी तेजाबात बुडते. तेजाब सोन्याला हात लावत नाही, वरवरचं तांबं खाऊन जातं. मग कातडी होते श्रीमंत, पोट राहतं तसंच. वर जोडाला झाळ, म्हणजे सांधायचा धातू, दिलेली असते, तिचा टंच कमीच ठेवावा लागतो, नाहीतर झाळ वितळायच्या आधी पाटलीच वितळेल. वितळवलं की कातडी, पोट, झाळ सगळं एक झालं. ९१ चे ८४ होणार नाहीत तर काय.

म्हणून आम्ही जुना दागिना आला की आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कानशीनं दोन हात मारतो आणि मग घासलेल्या जागेवर फुली धरतो. गिऱ्हाईक ओरडतं, "अरे खरवडू नको!" मग न खरवडता काढतो आणि चिठ्ठीवर लिहून देतो, वरवरचा टंच.

ताई, तुमच्या बुधाला कानस कोण लावतं?

पीथमपूरवाला | दुपारी १:२५

झाळवाला, नेमका प्रश्न. मी पीथमपूरच्या एका फाउंड्रीत लॅबला होतो, निवृत्त झालो. आमच्याकडे धातू तपासायचा स्पेक्ट्रो होता, ठिणगीवाला, क्ष-किरणाचा नाही. पण नियम तोच: सॅम्पल बेल्टवर घासल्याशिवाय ठेवला तर पहिलं बोलणं सुपरवायझरचं आणि दुसरं मशीनचं.

कवडसा, मला त्याआधी दिव्याची शंका आहे. दुकानातल्या नळीचा विजेचा दाब, करंट आपण ठरवतो, रोज तोच. सूर्याला कोण सांगणार की बाबा आज चाळीस किलोव्होल्टवर राहा? दिवाच स्थिर नसेल तर मोजमापाला अर्थ काय? स्वतःची नळी का नेत नाहीत?

शंकासुर | दुपारी १:४०

+१. मीही हेच विचारणार होतो. (विचारणार नव्हतो, पण वाचून पटलं.)

कवडसा | सायंकाळी ६:५५

काका, दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी नळी.

दुकानातली नळी साधारण ५० वॅटची धरा. त्यातला शेकडा एकसुद्धा वॅट क्ष-किरणात जात नाही, बाकी सगळी उष्णता. आता चांद्रयान-२ घेऊ, कारण आकडे हाताशी आहेत. त्याच्या ऑर्बिटरवर क्लास नावाचं उपकरण आहे, बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राचं. ते १०० किलोमीटर वरून एका वेळी १२.५ गुणिले १२.५ किलोमीटरचा तुकडा बघतं. म्हणजे सुमारे १५.६ कोटी चौरस मीटर. सूर्यावर एम-१ दर्जाची ज्वाला, म्हणजे मध्यम जोराचा भडका, झाली तर आपल्याइथे दर चौरस मीटरला क्ष-किरणांचा एक वॅटचा लाखावा हिस्सा पडतो. किरकोळ वाटतं ना? गुणाकार करा: त्या एका तुकड्यावर दीड हजार वॅट, निव्वळ क्ष-किरणांत. एक्स-१ दर्जाची असेल तर त्याच्या दहापट. एवढं देणारी नळी यानावर चढवायची, तिला वीज पुरवायची, आणि शंभर किलोमीटरवरून नेम धरायचा! सूर्य फुकट करतो. बुधावर तर तो आणखी जवळ, पृथ्वीपेक्षा साडेचार ते साडेदहा पट प्रखर. बुधाची कक्षा चेपलेली आहे म्हणून एवढा फरक.

आता दिव्याचा स्वभाव. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि या सगळ्या शास्त्राची डोकेदुखी हीच आहे. शांत सूर्याचे क्ष-किरण मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, असतात. त्यानं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन जेमतेम चमकतात. लोखंडाचा तळमजला रिकामा करायचा तर किरणाला ७१०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा लागते, ती ज्वालेतच भरपूर मिळते. चांद्रयान-१ वर असंच सी-वन-एक्स-एस उपकरण होतं, ब्रिटनच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेबरोबर केलेलं. यान ऑक्टोबर २००८ मध्ये गेलं आणि नेमका तेव्हा सूर्य गाढ झोपलेला. ऑगस्ट २००९ मध्ये यानाशी संपर्क तुटला तोवर उपकरण हात जोडून ज्वालेची वाट बघत होतं, मोजक्याच मिळाल्या.

म्हणून प्रत्येक यानावर दुसरं उपकरण असतं, त्याचं तोंड सूर्याकडे. चांद्रयान-२ वर ते एक्सएसएम, अहमदाबादच्या पीआरएलचं (भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं). सूर्य या क्षणी काय फेकतोय ते ते सतत टिपतं. खालून आलेली चमक भागिले वरून पडलेला प्रकाश. शिवाय आकडा एकटा देत नाहीत, सिलिकॉनच्या तुलनेत देतात. दिवा कमीजास्त झाला तर दोन्ही रेषा बऱ्याच प्रमाणात बरोबरच कमीजास्त होतात आणि भागाकारात तो घोळ पुष्कळसा निघून जातो.

पूर्ण जात नाही. म्हणून भांडणं.

मंदाकिनी बडोदे | रात्री ८:३०

पीआरएल म्हणजे आमच्या शेजारचंच की, बडोद्याहून दोन तासांवर. अभिमान वाटला, आमचा त्यात काही हात नसला तरी.

एक बालिश प्रश्न. मंगळाचं का नाही असं करत? बातम्यांत तर सारखं मंगळ मंगळ असतं.

पीथमपूरवाला | रात्री ८:५२

हवा. एवढे मऊ किरण हवेत टिकत नाहीत. आमच्या स्पेक्ट्रोत गंधक आणि फॉस्फरस मोजायला आर्गॉन सोडावा लागायचा, नाहीतर हवाच त्यांचा प्रकाश पिऊन टाकायची. तो प्रकाश अतिनील, क्ष-किरण नव्हेत, पण दुखणं तेच.

कवडसा | रात्री ९:१०

हो. मंगळाची हवा विरळ असली तरी वरून मोजायला तेवढी आड येते. म्हणून तिथे गाडी उतरवून दगडाला नाक लावून मोजतात, आणि दिवा म्हणून बहुतेकदा स्वतःचा किरणोत्सारी क्युरियम नेतात. आपल्या प्रज्ञान रोव्हरवरही तसंच उपकरण होतं, चंद्रावर हवा नसली तरी. शुक्राची तर कमाल: १९८२ मध्ये रशियनांच्या व्हेनेरा १३ आणि १४ नी जमिनीत भोक पाडून माती यानाच्या आत ओढून घेतली आणि आत मोजली. बाहेर साडेचारशेच्या वर सेल्सिअस तापमान.

वरून मोजायला हवा बिनहवेचा ग्रह. चंद्र, बुध, लघुग्रह.

याचं एक मजेशीर अवांतर आहे. १८ जून १९६२ ला जियाकोनी नावाचे शास्त्रज्ञ आणि मंडळींनी अमेरिकेत एक रॉकेट उडवलं, चंद्रावरून अशी क्ष-किरणांची चमक येते का ते बघायला. चंद्राचं काही हाती लागलं नाही, पण वृश्चिक राशीच्या दिशेनं इतके क्ष-किरण आले की सगळे थक्क. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण तारा. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं. चंद्राची चमक पुढे १९७१-७२ मध्ये अपोलो १५ आणि १६ नी मोजली.

झाळवाला | रात्री ११:५८

दुकान वाढवून आलो. सगळं वाचलं. कानशीचं उत्तर अजून नाही आलं.

कवडसा | गुरुवार, पहाटे १२:४०

दादा, आलेच होते त्यावर, झोप लागली.

तुमची शंका ग्रहाला अगदी तशीच लागू आहे. मऊ किरणांना खडकातले काही मायक्रॉन दिसतात, लोखंडाच्या रेषेला फार तर शंभरेक. म्हणजे ४८८० किलोमीटर व्यासाच्या ग्रहाचा टंच केसभर जाडीवरून. आणि वरची कातडी फसवते हेही खरं. चांद्रयान-२ च्या क्लासनं चंद्रावर सोडियम मोजलं. २०२२ मध्ये ते छापून आलं तेव्हा त्यांनी लिहिलं की यातला काही भाग खडकातला नसून मातीच्या कणांवर चिकटलेला सोडियमचा पातळ थर असू शकेल. म्हणजे मुलामाच की.

पण ग्रहाला कानस लागलेली असते. अब्जावधी वर्षं उल्का पडताहेत. बारीक उल्का वरची माती नांगरल्यासारखी सतत खालीवर करतात, त्यामुळे वरचे शंभर मायक्रॉन म्हणजे कधीकाळी खाली असलेल्या मालाचीच मिसळ. आणि मोठी उल्का पडली की विवराच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या खोलीवरचा माल बाहेर फेकला जातो. ५० किलोमीटरचं विवर म्हणजे चारपाच किलोमीटर खोल कानस. तुम्ही पाटलीच्या आतल्या बाजूला घासता, तिथे उल्का हव्या तिथे घासतात, आपण फक्त घासलेली जागा शोधून फुली धरायची.

अडचण फुलीची. मेसेंजर यान बुधाभोवती मार्च २०११ ते एप्रिल २०१५ फिरलं. त्याची कक्षा इतकी लांबोडकी की उत्तरेला २०० किलोमीटरवर यायचं आणि दक्षिणेला सुरुवातीला १५ हजारांवर जायचं. उपकरण १२ अंशांचा शंकू बघायचं. उत्तरेत ठीक, पण दक्षिणेत एका फुलीत अर्धा देश मावेल.

पीथमपूरवाला | सकाळी ९:२०

हे पटलं. आता सांग, मेसेंजरवर डिटेक्टर कोणता? बुधाजवळच्या उन्हात चांगला डिटेक्टर थंड कसा ठेवला?

कवडसा | सकाळी १०:०५

मला आवडणारा भाग हाच! चांगला डिटेक्टर नेलाच नाही. वायू भरलेल्या तीन नळ्या नेल्या, अपोलोच्या जमान्यातल्या. त्यांना मॅग्नेशियम (१२५०), ॲल्युमिनियम (१४९०) आणि सिलिकॉन (१७४०) वेगळे दिसत नाहीत, तिघांचा एकच ढीग दिसतो.

मग युक्ती अशी: एक नळी उघडी, एकीवर मॅग्नेशियमचा पातळ पत्रा, एकीवर ॲल्युमिनियमचा. कुठलंही मूलद्रव्य स्वतःच्या रेषेला फारसं अडवत नाही, पण स्वतःपेक्षा जरा जास्त ऊर्जेच्या रेषेला घट्ट धरतं. म्हणून मॅग्नेशियमच्या पत्र्यातून मुख्यतः मॅग्नेशियमच येतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम येतात, सिलिकॉन अडतो. उघड्या नळीत तिघे. आता वजाबाकी करा. अपोलो १५ नं १९७१ मध्ये हीच युक्ती चंद्रावर केली होती, ४० वर्षांनी बुधावर तीच. सूर्याकडे बघणारं छोटं उपकरण सिरॅमिक कापडाच्या उन्हाच्या पडद्यावर बसवलेलं, सौर पंख सोडले तर बाकी यान पडद्याच्या सावलीत.

पीथमपूरवाला | सकाळी १०:३१

वा! तीन गाळण्या आणि वजाबाकी. पूर्वीच्या माणसांनी केलेलं काम असंच असायचं. आता पोरं सॉफ्टवेअर अपडेट मागतात.

शंकासुर | सकाळी १०:४५

बरं, पण निघालं काय त्यातून? सोनं निघालं का?

कवडसा | दुपारी ४:२०

सोनं नाही. गंधक निघालं, आणि त्यानं बऱ्याच लोकांची झोप उडाली.

बुध त्याच्या आकाराच्या मानानं भलता जड आहे, घनता पाण्याच्या ५.४३ पट. आत लोखंडाचा गाभा, त्रिज्या सुमारे २०२० किलोमीटर. अख्ख्या ग्रहाची त्रिज्या २४४०. म्हणजे फळ कमी आणि बाठाच जास्त. का? जुनी उत्तरं दोन: तरुण सूर्याच्या धगीनं वरचा खडक वाफ होऊन उडाला, किंवा कुणीतरी येऊन धडकलं आणि साल सोलली गेली. दोन्हींत प्रचंड उष्णता, म्हणजे उडून जाणारे पदार्थ पृष्ठभागावर उरायला नकोत. मेसेंजरचे पहिले आकडे सप्टेंबर २०११ मध्ये छापून आले, तर पृष्ठभागावर गंधक वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत. पृथ्वीच्या खडकांच्या दहापट वगैरे. आणि ज्या ग्रहाच्या पोटात एवढं लोखंड, त्याच्या अंगावर लोखंड दोनेक टक्के फक्त. मॅग्नेशियम भरपूर, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम कमी, म्हणजे चंद्रासारखं मुळीच नाही.

झाळवाला | दुपारी ४:५०

म्हणजे मामांच्या पाटलीचं उलटं. कातडी गरीब, पोट श्रीमंत.

पीथमपूरवाला | सायंकाळी ७:१५

थांबा, थांबा. जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

गंधक जास्त आणि लोखंड कमी, दोन्ही एकाच वेळी? ही तर पांढरी स्लॅग आहे!

ज्यांनी भट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी. पोलाद वितळलं की वर मळी तरंगते, तिला कारखान्यात स्लॅगच म्हणतात. भट्टीत ऑक्सिजन जास्त असेल तर लोखंडाचा काही भाग गंजून ऑक्साइड होतो आणि स्लॅगमध्ये जातो. स्लॅग काळी दिसते. अशा स्लॅगमध्ये गंधक काही केल्या उतरत नाही, पोलादातच बसून राहतं आणि पोलाद ठिसूळ करतं. म्हणून आम्ही ऑक्सिजन काढून टाकायचो, फेरोसिलिकॉन टाकायचो, ॲल्युमिनियम टाकायचो, चुना टाकायचो. लोखंड स्लॅगमधून निघून खाली धातूत जायचं, आणि गंधक धातू सोडून वर स्लॅगमध्ये यायचं, चुन्यातल्या कॅल्शियमला धरून. चमचा बुडवून स्लॅग काढायची, फरशीवर ओतायची. काळी निघाली तर परत ढवळा. पांढरी निघाली आणि थंड होता होता तिचं पीठ झालं की फोरमन म्हणायचा, "उतरलं." पाणी पडलं तर सडक्या अंड्याचा वास. ३० वर्षं हा वास नाकात आहे.

आता कवडसा, मला एवढंच सांग: बुधावर गंधक जास्त तिथे कॅल्शियमही जास्त आहे का?

कवडसा | सायंकाळी ७:४०

काका, अंगावर काटा आला. हो. मेसेंजरच्या आकड्यांत गंधक आणि कॅल्शियम हातात हात घालून वाढतात. कॅल्शियम सल्फाइडचं खनिज असावं असा अंदाज त्यावरूनच बांधलाय. आणि निष्कर्षही तुम्ही सांगितलात तोच: बुध ज्या मालातून बनला त्यात ऑक्सिजनचा तुटवडा होता. लोखंड ऑक्साइड न होता धातू म्हणून तळाला गेलं, गंधक वरच्या खडकात विरघळलं. मी हे वर्गात तीन तास ऐकलंय आणि आत्ता कळलं.

पीथमपूरवाला | सायंकाळी ७:५२

म्हणजे बुध ही एक भट्टी. खाली धातू, वर पांढरी स्लॅग. साल सोलली की नाही ते मला माहीत नाही, पण स्लॅग ओळखतो मी.

शंकासुर | रात्री ८:१०

हे मात्र मानलं. मी गप्प बसतो आजच्या दिवस.

मंदाकिनी बडोदे | रात्री ९:४५

माझे यजमान पण येऊन वाचून गेले. ते विचारताहेत, रात्रीच्या बाजूचं काय? तिथे दिवाच नाही.

कवडसा | रात्री १०:२०

रात्रीच्या बाजूनं काही दिसायला नको होतं. पण मेसेंजरला अंधाऱ्या बाजूवरूनही अधूनमधून कॅल्शियम आणि गंधकाच्या रेषा दिसल्या. कारण बुधाला चुंबकीय क्षेत्र आहे. त्यात धरून आणलेले इलेक्ट्रॉन रात्रीच्या जमिनीवर जोरात आपटतात आणि क्ष-किरणांऐवजी तेच अणूंना चमकवतात. आपल्याकडे असे इलेक्ट्रॉन ध्रुवाजवळ हवेवर आपटतात, त्याला आपण ध्रुवीय प्रकाश म्हणतो. बुधावर हवाच नाही, म्हणून दगड चमकतो.

पुढचं यान बेपीकोलंबो, युरोप आणि जपानचं, ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालंय. वाटेत थ्रस्टरला पुरेशी वीज मिळेना म्हणून पोहोचणं डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ वर गेलं. त्यावर मिक्स नावाचं उपकरण आहे, लेस्टर विद्यापीठाचं. त्यात क्ष-किरणांची खरीखुरी दुर्बीण आहे. ग्रहाकडे अशी दुर्बीण पहिल्यांदाच चाललीय. ज्वाला असताना दहा किलोमीटरच्या आतलं वेगळं दाखवेल अशी अपेक्षा आहे. म्हणजे झाळवालादादांची फुली एकदाची बारीक होणार. एकेक विवर धरता येईल.

जुनी_इंदूर | रात्री ११:३०

उशिरा आले, पण धागा छान रंगलाय. ज्यांना हे डोळ्यांनी बघायचंय त्यांनी विज्ञान दिनाच्या सुमारास आपल्या कॅटमध्ये जावं, राजा रामण्णा केंद्र म्हणतात त्याला, पण रिक्षावाल्याला कॅटच सांगा. तिथल्या इंडस-२ या गोल यंत्राचा घेर १७२ मीटर आहे, इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढतात, आणि ते किरण बाहेर आणणारी एक वाट, बीमलाइन, याच प्रतिदीप्तीच्या कामाची आहे. मी गेले तेव्हा शाळेच्या पोरांची ही गर्दी, बाहेर कुल्फीवाला पण.

रामबागकर | रविवार, सायंकाळी ६:०५

धागाकर्त्यानं हजेरी लावायला हवी.

काल दुसरी पाटली घेऊन झाळवाल्यांच्या काउंटरवर गेलो. भावाला बरोबर नेलं, मुद्दाम. आधी न घासता: ९१.१. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मग त्यांनी पाटली लाकडाच्या ठोकळ्यावर धरली, आतल्या बाजूला बारीक कानशीनं चारपाच हात मारले, खाली कागद धरला होता, पडलेली भुकटी पुडीत बांधून आमच्याच हातात दिली. घासलेल्या जागी फुली: ८६.८. मग जोडाजवळ घासून: ७९.३. भावानं तिन्ही चिठ्ठ्या ओळीनं काउंटरवर मांडल्या आणि बराच वेळ बघत राहिला. वितळवणाऱ्याबद्दल काही बोलला नाही. खाली आल्यावर कचोरी मात्र त्यानं खिलवली, दोन-दोन.

ही पाटली वितळवणार नाही असं ठरलं. वहिनी घालणार आहे.

कवडसा | रविवार, रात्री ९:३०

मामा, पार्टी बाकी आहे.

मी पण एक केलंय. चांद्रयान-२ चा क्लासचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर कुणालाही मिळतो. आठ-आठ सेकंदांच्या फाइली आहेत. आठ सेकंदांत यान साधारण तेरा किलोमीटर पुढे सरकतं, म्हणजे जवळपास एक तुकडा. मी एकाच दिवसातले दोन गठ्ठे घेतले, एक सूर्य शांत असतानाचा, एक ज्वालेतला. पहिल्यात डावीकडे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम-सिलिकॉनची तीन टेकाडं, आणि ६४०० ला सपाट मैदान. दुसऱ्यात तीच टेकाडं डोंगर झालीत, कॅल्शियम उगवलंय, आणि बरोबर ६४०० वर लोखंडाचा खिळा उभा आहे. दोन्ही आलेख खाली जोडलेत. अजून एक्सएसएमनं भागायचं बाकी आहे, त्यामुळे टक्के विचारू नका.

पीथमपूरवाला | रात्री ९:४८

खिळा सुरेख आलाय. प्रिंट काढून भिंतीला लावतो.

झाळवाला | रात्री ११:१५

चिठ्ठी एक नंबर, ताई. घासलेल्या जागेची आहे का वरवरची?